एकात आपण, तीन भाड्यानं

गोवऱ्यांची आर पेटून धूर पार गोठ्यापर्यंत गेला, तरी अन्नपूर्णाबाईंनी सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. मोताळ्याच्या त्या घरात हे चांगलं लक्षण मानत नसत. एरवी रोडगे करायचे म्हटले की बाईंचा पट्टा सुरू व्हायचा: कणीक सैल झाली, गोवऱ्या ओल्या निघाल्या, धाकटीला तिच्या धाडच्या माहेरच्या माणसांनी काही म्हणून शिकवलं नाही. आज त्या नुसते कणकेचे गोळे वळत होत्या आणि एकेक गोळा जरा जास्तच जोरानं दाबत होत्या.

धाकटी म्हणजे कोकिळा. ती समोर बसून वांगी चिरत होती आणि मोठ्या जावेच्या हाताकडे बघत होती. आपल्यावरचा राग त्या गोळ्यांवर निघतोय हे तिला कळत होतं. जेवायला धामणगाव बढ्याहून भगवानराव यायचे होते. ते सहकारी बँकेच्या संचालकांपैकी एक. कर्ज मागणाऱ्याच्या घरी जाऊन, माणसं डोळ्यांनी बघून, मगच कागद पुढे सरकवायचा, अशी त्यांची रीत होती.

"त्याईले आता कायले बोलावलं म्हनतो मी," अन्नपूर्णाबाई शेवटी म्हणाल्या. "भाऊजी उद्या मलकापूरले किसनरावाकडंच जाऊन राह्यले ना? मंग हे रोडगे कोनाच्या नावानं?"

"आधी बोलावणं गेलं होतं, मोठ्या बाई. आता नका येऊ असं कसं म्हणायचं?"

"तुले तर ते यावेच वाटतात."

कोकिळेनं पुढचं वांगं चिरायला घेतलं. खोटं कशाला बोला? वाटत होतं.

गोष्ट अशी होती. कोकिळेचा नवरा उत्तमराव फौजेत डॉक्टर होता, कॅप्टन. लढाई सुरू होऊन हा सहावा हिवाळा, आणि त्यातले दोन त्यानं ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तंबूत माणसं शिवण्यात काढले होते. मागच्या सुट्टीत त्यानं पगारातून बुलढाण्याला एक जागा घेऊन ठेवली होती. तिथे एका ओळीत चार बिऱ्हाडं बांधायची, एकात आपण, तीन भाड्यानं, असा त्याचा बेत. सिमेंटावर कंट्रोल, तर चुन्यात बांधू, पण बांधू. जिल्ह्याचं गाव, कचेरीतले कारकून आणि शाळेतले मास्तर खोल्यांसाठी दारोदार फिरतात. भाडेकरूंची काही वाण नव्हती. वाण होती ती बांधायच्या पैशाची, आणि त्यासाठी दोन दारं उघडी होती.

एक दार मलकापूरच्या किसनराव सावकाराचं. तो उद्याच्या उद्या द्यायला तयार होता. जामीन नको, चौकशी नको. फक्त कागद खरेदीचा करायचा, म्हणजे जागा आणि वर जे उभं राहील ते कागदोपत्री त्याला विकायचं. दोन वर्षांत पैसे फेडले की त्यानं ते परत लिहून द्यायचं, नाही फेडले तर ते त्याचं झालं. दुसरं दार बँकेचं. व्याज हलकं, मुदत पंधरा वर्षांची. पण बँक नुसत्या भाड्याच्या चाळीला पैसे देत नव्हती. कर्जदाराचं कुटुंब त्यात स्वतः राहायला पाहिजे. आणि जमीनवाला जामीन पाहिजे. जमीन होती थोरल्या भावाच्या, उकंडरावांच्या हाती, आणि राहायला जायचं तर कोकिळेनं, लेक मंजुळेला कडेवर घेऊन, एकटीनं.

थोरल्याची जमीन अडकणार आणि वर धाकटी चूल वेगळी मांडणार! अन्नपूर्णाबाईंचे गोळे उगाच दाबले जात नव्हते.

घरात सगळ्यांचं एकमत झालेलं होतं, आणि ते किसनरावावर झालेलं होतं. उकंडरावांना जमीन गुंतवायला नको होती. अन्नपूर्णाबाईंना घर फुटलं असं गावानं म्हणायला नको होतं. आणि उत्तमरावाला भावापुढे हात पसरायचा नव्हता. तिघांची कारणं तीन, पण गाडी एकाच वाटेला लागली होती. चौथं मत होतं कोकिळेचं, आणि ते कोणी विचारलेलं नव्हतं. नाही म्हणायला नवऱ्यानं आल्या दिवशी विचारलं होतं, "तुले काय वाटते?" पण उत्तर यायच्या आत तो बूट काढायच्या नादात लागला.

वांगी पाण्यात टाकून ती मागच्या दारी गेली. उत्तमराव विहिरीपाशी दाढी करत बसला होता. चार-सहा दिवसांत तो परत जाणार होता, पण त्याचं अर्धं सामान अजून ट्रंकेतून बाहेरच निघालं नव्हतं. आल्यापासून तो असाच राहत होता, धर्मशाळेत उतरल्यासारखा.

"मी म्हणते, एकदा नीट विचार करा," ती हळू आवाजात म्हणाली. "सावकाराचे पैसे तुमच्या पगारातून फिटायचे. बँकेचे तसे नाही. मुदत लांब म्हणून हप्ता बारका. तीन बिऱ्हाडांच्या भाड्यात तो निघतो. तुमच्या पगाराला हात लावायची गरज नाही."

"पगार काय कुठं पळून चालला?"

"पगार नाही हो पळत."

त्यानं आरशातून तिच्याकडे बघितलं आणि वस्तरा परत गालाला लावला.

"दादाच्या वावरावर मी माहं घर उभं करनार नाही. त्यानं माह्या शिक्षनापायी कापसाची उभी पऱ्हाटी इकली, हौस मारली, सगळं केलं. आता त्याच्या पोरांचं वावर अडकवू का? दोन वर्सांत मोकळा होतो मी. तू नको घोर करू."

"आणि दोन वर्षांत…"

"पानी दे बरं जरा."

तिनं पाणी दिलं. दोन वर्षांत तुम्हीच नसलात तर, हे वाक्य ती गेले कित्येक महिने मनातच घोळवत होती. डाकवाला घराकडे वळला तरी ती हातातलं काम टाकून दाराआड येऊन उभी राहायची. धाडच्या एका घरी नवरा लढाईत पडल्याचा सरकारी लिफाफा आलेला तिनं ऐकलं होतं. त्या बाईचं पुढे काय झालं तेही ऐकलं होतं. काही वाईट झालं नाही. दिराच्या घरी आहे, दोन वेळचं जेवते, सगळे बरं बघतात. फक्त आता ती कोणत्याही गोष्टीत काही म्हणत नाही. सरकारनं पुढे काही दिलं तरी ते याच घरात येणार आणि याच घरच्या हातांनी खर्च होणार, हे कोकिळेला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिला वाईट माणसांची भीती नव्हती. घरातली माणसं चांगलीच होती, आणि चांगल्या माणसांच्या उपकारात पोरगी वाढवायची तिला भीती वाटत होती.

बरं, हे थोरल्या दिरांना सांगावं, तर त्यांच्याशी ती बोलतच नव्हती. भांडण नव्हतं, रीत होती. भासऱ्यासमोर भावजयीनं पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं, आवाज त्यांच्या कानी पडू द्यायचा नाही. उकंडराव ओसरीवरून आत येण्याआधी दोनदा खाकरायचे आणि कोकिळा धान्याच्या कोठीमागे सरकायची. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचं तोंड बघितलं नव्हतं की शब्द ऐकला नव्हता. काही सांगायचंच झालं तर मोठ्या जावेच्या मार्फत. मोठी जाऊ घरात नसली आणि नड आली, तर दाराची कडी वाजवायची. मंजुळेला ताप चढला होता तेव्हा तिनं कडी अशी काही वाजवली की उकंडराव नुसत्या त्या आवाजावर बैल जुंपून डॉक्टर घेऊन आले होते. त्यांच्याबद्दल तिला माया होती. फक्त ती कधी शब्दांत गेलेली नव्हती.

उन्हं वर आली तशी भगवानरावांची बैलांची दमणी अंगणात लागली. माणूस थोराड, पागोटं पांढरंशुभ्र, बोलणं सावकाश. हातपाय धुऊन ते ओसरीवर घोंगडीवर बसले. जेवणं झाली. रोडगे फोडून त्यांत तूप ओतलं गेलं, वांग्याच्या भाजीचं कौतुक झालं, कापसाच्या भावाला शिव्या देऊन झाल्या. मधल्या घरात दाराआड दोघी जावा उभ्या होत्या. अन्नपूर्णाबाई दाराच्या फटीशी, कारण त्यांना बोलायला मुभा होती. कोकिळा त्यांच्या पाठीशी.

"हां, तर उत्तमराव," भगवानरावांनी सुपारी तोंडात टाकली. "बँकेच्या दोन गोष्टी. जामीन कोन, अन् घरात राहनार कोन?"

उत्तमरावानं भावाकडे बघितलं. उकंडरावांनी खांबाकडे बघितलं.

"त्याचा बेत बदलला, भगवानराव," उकंडराव म्हणाले. "मलकापूरच्या किसनरावाकडून घेते तो. तुमाले तसा निरोप द्याले पाह्यजे होता. चुकलं आमचं."

"चुकलं काय त्याच्यात? ज्याचं घर, त्याची मर्जी." भगवानरावांनी सुपारी या गालातून त्या गालात फिरवली. "कागद कशाचा करते किसनराव?"

"खरेदीचा. दोन वर्सं मुदत," उत्तमराव म्हणाला.

"दोन वर्सांत फिटते?"

"पगार हाये ना."

"हाव, पगार हाये तवर…" एवढं बोलून भगवानराव थांबले. आपलं बोलणं कुठे चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि म्हातारा चक्क गोरामोरा झाला. ओसरीवर कोणी कोणाकडे बघेना. उत्तमराव चंचीची दोरी सोडून परत बांधू लागला. उकंडरावांनी अंगणातल्या बैलांना उगाच हाक मारली. दाराआड अन्नपूर्णाबाईंनीसुद्धा श्वास धरला. म्हणजे, कोकिळेच्या मनात आलं, सगळ्यांनाच ठाऊक आहे. प्रत्येकाच्या मनात तेच आहे, आणि सगळे मिळून व्याजाबद्दल बोलताहेत!

भगवानरावांनी विषय घाईनं दुसरीकडे वळवला. "बरं. पन माही एक रीत हाये. घरात राहनारी बाई, तिले म्या एकदा पुसतो. ती नाही म्हनली की तसं कळवतो अन् मामला मिटला. पुसा बरं आतमधी."

उकंडरावांनी दाराकडे मान वळवली. "ऐकलं का? पुसून पाहा."

अन्नपूर्णाबाई वळल्या. कोकिळा त्यांच्या कानाशी वाकली आणि घाईघाईत म्हणाली, "सांगा, मी राहते म्हणावं. मंजुळेला घेऊन एकटी राहते. तीन बिऱ्हाडांच्या भाड्यात हप्ता निघतो, जमिनीला तोशीस लागू देणार नाही. मोठ्या बाई, एवढं सांगा. पाया पडते."

अन्नपूर्णाबाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं. त्या नजरेत राग होता का, ते कोकिळेला कळलं नाही. मग त्या फटीकडे वळल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या,

"ते म्हनते, घरातले मोठे मानसं म्हनतीन तसं."

"शहानी हाये," भगवानराव म्हणाले आणि पागोटं सारखं करून उठायला लागले.

कोकिळेच्या तोंडी खोटं घालण्यात आलं होतं आणि ते खोटंसुद्धा किती चांगल्या सुनेचं होतं! त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं तरी कसं? तिचा हात कडीकडे गेला. कडी वाजली. मग परत वाजली.

"कोकिळा, सोड कडी," अन्नपूर्णाबाई दातांत म्हणाल्या. "पाव्हना बसला हाये बाहेर."

तिनं कडी सोडली आणि दार उघडलं. पदर पार छातीपर्यंत ओढून ती उंबऱ्यावर उभी राहिली. तोंड तिनं भिंतीकडे केलं होतं. भासऱ्यांशी बोलायचं नाही ही रीत. भिंतीशी बोलायचं नाही असं तर कोणी सांगितलं नव्हतं.

"मी भिंतीला सांगते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "माझं बोलणं तसं नव्हतं. मी राहते म्हणाले. एकटी राहते."

"आत जाय," उत्तमराव ताडकन उठला.

"जाते. बोलून झालं की जाते." ती थांबली. भिंतीला हे पुढचं सांगून काही उपयोग नव्हता. ज्यांना सांगायचं त्यांना हाक मारायला तिच्याजवळ शब्दच नव्हता. इतक्या वर्षांत तो लागलाच नव्हता. तिनं नवऱ्याचाच शब्द उचलला. "दादा," ती म्हणाली आणि भिंतीकडचं तोंड ओसरीकडे वळवलं. "हे परत नाही आले, तर सावकार मुदत संपल्याच्या सकाळी दारात येईल. त्याला पगारच पाहिजे, आणि पगार तर राहणार नाही. जागा जाईल. मग मी आणि मंजुळा तुमच्या दारात. तुम्ही आम्हाला उपाशी ठेवणार नाही, हे मी कोणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. मोठ्या बाई स्वतःच्या पोरांआधी माझ्या पोरीला वाढतील. पण मला त्या भाकरीची भीती वाटते, दादा. बँकेचं घर असलं तर हे नसले तरी भाडेकरू असतील. हप्ता तेच देतील. मी मागायला येणार नाही, आणि तुमची जमीन जाऊ देणार नाही."

आत अन्नपूर्णाबाईंनी तोंडावर हात मारून घेतला. "अवं माय! सवाशिनीच्या तोंडातून असं अभद्र! अन् मानूस समोर उभा!"

उत्तमराव रोज मरणाशी उठबस असलेला माणूस, पण बायकोच्या तोंडून ते ऐकून त्याला धरायला काही मिळेना. त्यानं खांबाला हात टेकला. भगवानराव आपल्या पायांकडे बघत बसले.

उकंडराव मात्र कोकिळेकडे बघत होते. पदराआडचं तोंड दिसत नव्हतंच. पण आवाज कुठून आला हे त्यांना प्रथमच कळत होतं. कोकिळेला वाटलं, आता हे उठतील आणि वावरात निघून जातील, आणि मग या घरात आपल्याला जागा उरणार नाही.

"उत्तम," उकंडराव म्हणाले.

"दादा, तिचं नको मनावर घेऊ. घोरानं तिचं डोकं…"

"तिचं डोकं ठिकानावर हाये. मी तुले पुसतो. वापस येशीन का बे तू?"

आजवर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. स्टेशनवर सोडायला येणारे म्हणायचे, सांभाळून राहा, पत्र टाक. एरवी पेशंटला धीर देणारा उत्तमराव खांबावरचा हात सोडून भावाकडे वळला.

"मले काय माहीत, दादा," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

उकंडरावांनी मान हलवली. त्यांचे डोळे लाल झाले होते. "आल्यापासून मले हेच पुसाचं होतं. जीभच नाही झाली. म्हनून मी वावराचं बोलून राह्यलो होतो, जामिनकीचं बोलून राह्यलो होतो." ते भगवानरावांकडे वळले. "मांडा कागद. जामीन मी."

"अन् माहे पोरं?" आतून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला. तो चिरकला होता. "त्याईच्या तोंडातला घास मांडता का कागदावर?"

"भाडं खुंटलं तरच मांडला जाईन तो. अन् भाडं काऊन खुंटीन? कचेरीतले कारकून काय झाडाखाली राहतीन?" मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अन् गेलंच वावर, तर आपले पोरं मजुरी करतीन. धट्टेकट्टे हायेत. ती पोरगी काय करीन?"

भगवानरावांनी पिशवीतून दौत काढली. टोपण घट्ट बसलं होतं, ते निघेना. उकंडरावांनी दौत त्यांच्या हातातून घेतली, टोपण काढून दिलं, आणि ते काढता काढताच म्हणाले, "मी बँकेले जामीन राहतो, भगवानराव. या माह्या भावाचा जामीन मले कोन राहते, सांगा."

म्हाताऱ्यानं पुष्कळ कर्जं दिली होती आणि पुष्कळ जामीन पारखले होते. या वेळी तो दौतीकडेच बघत राहिला. त्यानं टाक शाईत बुडवला आणि उत्तमरावापुढे धरला. उत्तमरावाची सही एरवी झरझर व्हायची. आज तिला वेळ लागला.

कोकिळा केव्हाच आत वळली होती. ती कोठीला पाठ टेकून बसली. अन्नपूर्णाबाई उरलेले रोडगे फडक्यात बांधत होत्या; बांधत होत्या आणि सोडत होत्या.

"माही भाकर भारी पडते तुले?"

"तसं नाही, मोठ्या बाई."

"भरल्या ओसरीवर सांगितलं ना? माह्या भाकरीचं भेव वाटते म्हनून?" त्यांनी नाक पदराला पुसलं. "मी खोटं सांगितलं त्याईले, हाव, सांगितलं. वावराचं मनात होतं. नाही कायले म्हनू? माहे पोरं हायेत. पन कोकिळा, तू बुलढान्याले गेली की मी या घरात बोलू कोनाशी? तुह्या भासऱ्याशी? ते तर बैलाशी बोलतात. सासूबाई गेल्या तवापासून तूच हायेस. तुले शिव्या दिल्याबिगर माहा दिवस जात नाही."

हे कोकिळेला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, जावेला फक्त जमीन दिसते. ती सरकत जवळ गेली. अन्नपूर्णाबाईंनी तिचा हात झटकला, मग परत घेतला आणि त्यात रोडग्याचं गाठोडं ठेवलं.

"भगवानरावाच्या दमनीत ठेवून ये. नाही, तू नको जाऊ. मीच जातो. तुले आता बोलता येते म्हनून काय गावभर फिरशीन?"

दमणी गेली. उकंडराव ओसरीवरच बसून राहिले. उत्तमराव मागच्या दारी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. कोकिळा चहा घेऊन गेली, पण कप पुढे करायला तिला धीर होईना. आपण याच्या तोंडावर याच्या मरणाचं बोललो, आणि हा चार दिवसांनी तिकडेच जाणार. काही झालं तर जन्मभर वाटत राहील की ते आपल्याच तोंडून निघालं होतं. घराची भीती गेली होती. तिच्या जागी ही येऊन बसली होती, आणि ही जास्त जड होती.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"नाही." त्यानं कप घेतला. "तुले वाटते, मी दादापायी सावकार धरला?"

"तुम्हीच तसं म्हणाला होतात."

"म्हनलो होतो. अर्धं खरं होतं." तो विहिरीत बघत बोलत होता. "दोन वर्सांचा कागद मले जमते. दोन वर्सापर्यंत नजर पोचते. पंधरा वर्सं म्हटलं की हात कापते. तिकडं कोनी पुढच्या दिवाळीचं बोललं ना, तर बाकीचे उठून जातात. अशुभ मानतात. मीबी मानतो. डॉक्टर असून मानतो. म्हनून बँकेच्या कागदाले मी हातच लावला नाही. व्याजबीज सगळं बहाना."

कोकिळा त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की याला मानाची पडली आहे. त्याला भीती वाटत होती. तिच्याइतकीच, तीच, एकाच छपराखाली, आणि दोघं हप्त्यावर वाद घालत होते.

"मग आज सही कशी केली?"

"तू बोलली म्हनून. बोलून टाकलं तुनं, मंग मागं राह्यलं काय?" त्यानं चहाचा घोट घेतला. "सही करता करता हिशेब झाला मनात. कर्ज फिटीन तवा मंजुळा लग्नाची होईन. मी भाडं मागाले त्या कारकुनाच्या दारात उभा. तो म्हनीन, डॉक्टरसायेब, पुढच्या महिन्यात देतो. मी भांडून राह्यलो त्याच्याशी. लढाई लागल्यापासून मी मले म्हातारा कधी दिसलोच नव्हतो. आज दिसलो."

"कसे दिसलात?"

त्यानं खरंच आठवून बघितलं. "टकला," तो म्हणाला. "अन् पोट सुटलेला."

कोकिळेला हसू आलं. ते आवरायला तिनं पदर तोंडात धरला, तरी ते आलंच; आणि हसता हसता कुठेतरी त्याचं रडं झालं. मोठं, उमाळ्याचं. ओसरीवर भासरे बसलेले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं, हे तिला माहीत होतं. तिनं आवाज दाबला नाही.